लिंबूवर राज्य आलं

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, साष्टांग नमस्कार.

गुडघा आता जिना चढू देतो का? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना घरातली धूळ दिसायला लागली आणि तुमचे हाल सुरू झाले, असं आईकडून कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि तुम्ही कपाटावर फडकं मारत चला. माझी तब्येत ठणठणीत आहे. काल जिन्यातून शीळ घालत उतरत होतो, तर खालच्या काकूंनी दार उघडून मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि परत लावून घेतलं.

पत्राचं कारण म्हणजे विजय. मामा, तुमचा भाचा जिंकला! तुम्ही आयुष्यभर शाळेत पोरांना खेळवलंत, शिट्टी फुंकून फुंकून तुमचे गाल लोंबले, आणि ज्या एका भाच्याला तुम्ही अंगणातल्या प्रत्येक डावात ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतलंत (खेळू द्यायचं, पण धरायचं नाही, बाद झाला तरी बाद नाही आणि जिंकला तरी जिंकला नाही), तो भाचा भर ऑफिसात, साक्षीदारांसमक्ष जिंकला. नीट बसून वाचा. शेवटी एक काम आहे, पण ते शेवटी.

आता तुम्ही म्हणाल, स्क्रीनवर बोटं नाचवणाऱ्याचा कसला आलाय विजय. तुमचं हे मत मला पाठ आहे. पण मी खेळण्याचा नाही, खेळांबद्दल लिहिण्याचा पगार घेत होतो, हा फरक तुम्हाला पंधरा-सोळा वर्षांत पटला नाही, आणि आई तर अजून शेजारी सांगते की मुलगा वर्तमानपत्रात आहे. आमची वेबसाइट चष्म्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होती. नवा व्हिडिओ गेम आला की आम्ही तो खेळून त्यावर सविस्तर लिहायचो: चांगला काय, भिकार काय, कुठे अडाल, कसे सुटाल. चांगल्या दिवसांत तिथे बारा माणसं, एक सोफा आणि पुठ्ठ्याचा एक पुरुषभर उंच योद्धा होता. लिहिताना मी टोपणनाव घेतलं ‘लिंबू’, आणि शब्द वापरले तुमच्या अंगणातले. गेममध्ये फसवाफसवी असली की रडीचा डाव. सुरक्षित जागा म्हणजे भोज्जा. मी पाठलागात सापडलो की माझ्यावर राज्य आलं. वाचकांना हे इतकं आवडायचं की लोक गेम न घेताच परीक्षण वाचायचे (गेम बनवणाऱ्यांना हे फारसं आवडायचं नाही).

मग उतरती कळा लागली. आधी व्हिडिओ आले. वाचायला डोळे लागतात, ओरडणारा मुलगा मात्र भाजी चिरतानाही ऐकता येतो, म्हणून निम्मे वाचक तिकडे गेले. उरलेले काही शोधायला इंटरनेटवर गेले की आमचंच उत्तर त्यांना वरच्या वर, आमच्या दारात पाऊल न टाकता मिळू लागलं. पैसे कमी पडले म्हणून जाहिराती वाढल्या. शेवटी अशी वेळ आली की परीक्षण वाचायचं तर गादीच्या तीन जाहिराती, एक केसांचं तेल आणि एक फिरतं चाक यांच्या फटीतून वाचावं लागे. बारांचे सात झाले, सातांचे चार. मग साइट विकली गेली. नवे मालक गाद्यांचेच व्यापारी. जाहिराती देऊन देऊन त्यांना वाटलं असावं की त्यापेक्षा जागाच घेतलेली स्वस्त पडेल.

मालकांनी एक तरुण साहेब नेमले. त्यांचे बूट इतके पांढरेशुभ्र असत की आम्ही त्यांना बूटसाहेबच म्हणायचो. त्यांनी एक लिहिणारं यंत्र आणलं, म्हणजे कॉम्प्युटरमधलंच, दिसायला काही नाही. त्याला माझी झाडून सगळी परीक्षणं खाऊ घातली आणि मग ते माझ्यासारखं लिहू लागलं. आता माणसं उरली दोन: मी आणि आमच्या संपादकबाई. बाई म्हणजे स्वल्पविराम चुकला तर जेवणाचा डबा बाजूला सारणाऱ्या. पण त्यांनाही यंत्राचं लिखाण तपासायची मनाई झाली, कारण त्यात वेळ जातो. मला ठेवलं ते माझ्या नावासाठी. यंत्राने लिहायचं आणि खाली छापायचं ‘लेखक: लिंबू’. मी हरकत घेतली. बूटसाहेब म्हणाले, नाव साइटचं आहे. मामा, जे नाव तुम्ही मला चिडवायला ठेवलंत ते एका गादीवाल्याचं झालं, हे मला फार लागलं. रात्री जेवण गेलं नाही.

आणि मग तो लपाछपीचा गेम आला. मोठी हवेली, एकजण शोधणारा, बाकीचे लपलेले. यंत्राने त्यावर बसल्या बैठकीत लेख लिहिला आणि कोणी न वाचता तो प्रसिद्ध झाला. त्यातली काही रत्नं देतो. ‘ज्या खेळाडूवर राज्य येते त्याचे अभिनंदन. राज्य मिळताच प्रथम प्रजेचा विश्वास संपादन करावा व कर कमी ठेवावेत.’ ‘कच्चा लिंबू थंड व कोरड्या जागी ठेवल्यास दीर्घकाळ टिकतो.’ ‘रड्या खेळाडूंनी नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ आणि भोज्जा? भोज्जा हा म्हणे शेवटच्या टप्प्यातला राक्षस असून त्याला आगीची भीती वाटते.

लोक हसून हसून लोळले. एकाने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने दहांना, आणि आमच्या साइटच्या इतिहासात जितके वाचक कधी आले नव्हते तितके त्या दिवशी आले. काही बिचारे हातात मशाल घेऊन हवेलीत भोज्जा शोधत फिरले. बूटसाहेब आनंदाने मोहरले आणि असेच आणखी दहा लेख हवेत म्हणाले. पण माझ्या जुन्या वाचकांची पत्रंही आली. एका आजोबांनी लिहिलं होतं, ‘लिंबू, बरे आहात ना? घरी कोणी आहे का जवळ?’ ते वाचून मी संपादकबाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी डब्याचं झाकण आपटून लावलं.

यशाचं कौतुक करायला मालक स्वतः आले. मोठा देह, मोठं हसू. मी उभा राहून म्हणालो की लेख सपशेल चुकीचा आहे, राज्य म्हणजे ते राज्य नव्हे. बूटसाहेब म्हणाले, राज्य म्हणजे राज्यच, शब्दकोशात पाहा. मी म्हणालो, हे सांगून कळत नाही, खेळून कळतं. (हे तुमचं वाक्य. उसनं घेतलं, परत करतो.) मालकांचे डोळे लकाकले. म्हणाले, किती वर्षांत लपाछपी खेळलो नाही हो! मग मीही सोडलं नाही. मी सापडलो नाही तर माझं नाव आणि माझं सगळं जुनं लिखाण मला परत, अशी पैज लावली. मालक हसत म्हणाले, दिलं.

भोज्जा ठरला पाण्याचा फिल्टर. त्याला कपाळ टेकवून मालक स्वतः मोजायला उभे राहिले. बूटसाहेब जाडजूड वायरींच्या कपाटात घुसले. बाई पुठ्ठ्याच्या योद्ध्यामागे. आणि मी कुठे लपलो, ओळखा. मी माझ्या खुर्चीवर, माझ्या टेबलाशी, दिव्याखाली बसून राहिलो. गेल्या वर्षभरात त्या टेबलाकडे कोणी पाहिलंच नव्हतं, तेव्हा आजच का पाहतील? आणि खरोखर, मालक माझ्या शेजारून तीनदा गेले. एकदा तर माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून त्यांनी दम खाल्ला. माझं काळीज असं धडधडत होतं की कीबोर्डला ऐकू गेलं असेल. ते सोफ्याखाली पाहायला वाकले, तसा मी उठलो, चवड्यांवर गेलो, आणि पंधरा-सोळा वर्षांचा सगळा जोर एकवटून त्यांच्या पाठीत हाणला:

“धप्पा!”

मामा, तो आवाज चष्म्याच्या दुकानापर्यंत गेला. संपादकबाई योद्ध्यामागून ओरडल्या, “धरला! हा धरायचा! राज्य तुमच्यावरच!” मालक सोफ्यावर बसले, पाठ चोळत माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अच्छा, म्हणजे राज्य येतं ते हे होय.” कळलं त्यांना! शब्दकोशाशिवाय कळलं! गडी शब्दाचा पक्का निघाला. त्याच दिवशी यंत्राच्या लेखांखालून माझं नाव निघालं आणि सगळं लिखाण माझ्या हातात आलं. मी दिमाखात बाहेर पडलो. बाईंनीही लगोलग राजीनामा दिला, त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त करून. आता आम्ही दोघं मिळून स्वतःची साइट काढली आहे. गादी नाही, तेल नाही, फिरतं चाक नाही. आवडलं तर वाचक वर्गणी देतात, आणि पहिली वर्गणी त्या आजोबांची आली.

जन्मात पहिल्यांदा माझा धप्पा धरला गेला, मामा. हे सांगायला तुमच्याखेरीज दुसरं कोणी सुचलं नाही.

मामींना पुन्हा नमस्कार, गुडघ्याला शुभेच्छा.

तुमचा भाचा,
लिंबू (आता कच्चा नव्हे)

ता. क. वर ‘आम्ही साइट काढली आहे’ असं लिहिलं, ती सध्या बाईंच्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि जेवायच्या वेळी उचलावी लागते. तुमची मागची खोली, जिथे जुने फुटबॉल ठेवले आहेत, ती रिकामी असते ना? फुटबॉल राहू द्या. आम्ही त्यांच्यावर बसू.

आणखी ता. क. बूटसाहेब कपाटात इतके मनापासून लपले की त्यांना शोधायचं सगळेच विसरले. आत त्यांचा पाय कुठल्याशा वायरीला लागला आणि साइट संध्याकाळपर्यंत बंद राहिली. बाहेर आले तेव्हा बूट काळे होते. भला माणूस आहे. आमच्या साइटची वर्गणी त्यांनी दुसऱ्या नावाने भरली आहे.

शेवटचा ता. क. ‘दिमाखात बाहेर पडलो’ यात एक बारीकसा तपशील राहिला. धप्पा अंमळ जोरात बसला होता. मालकांनी पैजेप्रमाणे नाव दिलं, लिखाण दिलं, आणि पाठ शेकता शेकता नारळही दिला. हे आईला अजून सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर ती रडेल, तुम्ही सांगितलंत तर ऐकून घेईल. तेव्हा कधी घरी जाल तेव्हा चहा घेता घेता एवढंच म्हणा, ‘लिंबूवर राज्य आलंय.’ पुढे काही बोलू नका. ती त्याच अंगणात तुमच्याबरोबर खेळली आहे, तिला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत. शेजारी कुठला सांगायचा, ते तिचं तिला कळेल.