फवारणीच्या पंपाचे पट्टे

पुष्पांजली,

अवं, काल आपल्या इकडच्या गोरेगावच्या लग्नात मी उभ्यानं बेस गिटार वाजवलं! तू लग्न होऊन रायपूरले गेल्यावर आपल्या ऑर्केस्ट्रात आलेले पोट्टे म्हणून राहिले होते, "काका, बेस जड आहे, खुर्चीवर बसून वाजवा." खांदा खरंच गेला होता.

मंग धानावर फवारणी करताना डोकं चाललं. भरलेला पंप दोन पट्ट्यांनी पाठीवर घेऊन मी आरामात फिरतो, मंग गिटार एकाच खांद्यावर कायले लटकवतो? पंपाचे पट्टे काढून गिटारलेच लावले! लोक हासले. मी नाचून नाचून वाजवलं!

फक्त तू गायची त्या गाण्याले खुर्चीवर बसलो. पोट्ट्यांले वाटलं, खांदा दुखला. वाटू दिलं.

हे पोस्टात न टाकणारा,
शालीकराम