चुन्याच्या नळीवरची चौथी ओळ

मी, सिग्बान सुलिगान, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, राहणार मान्सालेच्या वरचा डोंगर, बेट मिंदोरो, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवतो. दडपण कुणाचेही नाही. बायको दुमिना शेजारी पान चघळत बसली आहे, तेवढेच.

१. उतारावरचे भातशेत व केळी दुमिनाच्या. तिच्यामागे मुलगी इलिना हिच्या.

२. अक्षरे कोरायची सुरी पुतण्या उम्बाय यास. त्या सुरीने मासे साफ करू नयेत.

३. माझे डुक्कर माझ्या मर्तिकाला राखून ठेवू नये. ते परवा रविवारी कापले जाईल. कारण पुढे.

४. पानाचा चुना ठेवायची बांबूची नळी. सोळाव्या वर्षी तिच्यावर कविता कोरून मी दुमिनाच्या दारात उभा राहिलो. आमच्यात मागणी घालताना मुलाने बाहेरून कविता म्हणायची, मुलीने आतून उत्तर द्यायचे. ओळ सात अक्षरांची.

लांबून आलो आहे
पाऊस मागे आहे
दार कुणाचे आहे?

चौथी ओळ सुचली नाही. जागा तशीच सोडली. “जागा उरली, अक्कल संपली का रे?” आतून दुमिना म्हणाली आणि तिने दार उघडले. नळी तेव्हापासून तिच्या कमरेला आहे. मला त्या कवितेची लाज वाटे.

अकरा वर्षांपूर्वी इलिना खालच्या गावच्या रोदेलशी लग्न करून भर पावसात त्याला घेऊन आली. तो आपल्यातला नाही, म्हणून मी खांबांवरच्या घराची शिडी वर ओढून घेतली. दोघे भिजत परत गेली. पुन्हा आली नाहीत.

गेल्या महिन्यात नळी घासताना अक्षरे बोटांना लागली. मी मोठ्याने वाचली.

दुमिना म्हणाली, “हा तर रोदेल.”

“मी आहे तो.”

“मग म्हाताऱ्या, शिडी कशाला ओढलीस?”

दुसऱ्या दिवशी मी स्वतः डोंगर उतरून निरोप दिला. रोदेल म्हणाला, “येतो, बाबा. शिडी तेवढी बांधून ठेवा.” इलिना रडता रडता हसली. रविवारी येत आहेत.

५. घर इलिना व रोदेल यांचे, समाईक. उम्बायने हरकत घेतल्यास सुरीही रोदेलची.

६. नळी रोदेलच्या हाती द्यावी. सोडलेल्या जागेत आज सकाळी मी कोरले आहे:

ये, चूल तुझी आहे

साक्षीदार: बालिग बात-आंग (सही), अनाव यावन (अंगठा)

सही: सिग्बान सुलिगान
ठिकाण: माझे घर, शिडी खाली सोडलेली
दिनांक: शुक्रवार, १३ मार्च २०१५