गॅलरी पास झाली

११ मे, रविवार

ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, आणि हे या वेळी नुसतं रीत म्हणून लिहीत नाही, खरोखर ठीक आहोत. मुलांना सुट्टी लागली असेल. धाकटीचा पडलेला दात आला का? फोनवरच विचारलं असतं, पण हल्ली तुम्ही "बरं, त्याला दे" म्हणता, मी फोन तुमच्या भावाकडे देते आणि माझं बोलणं तिथेच संपतं. दोष तुमचा नाही. म्हणून हे पत्र.

आधी बातमी. बाबांची गॅलरी काल पास झाली. नगरपालिकेचे तपासनीस आले, खांब हलवून पाहिले, कठड्याच्या गजांतून लहान मुलाचं डोकं जाईल का ते पाहिलं आणि सही केली. चहा नको म्हणाले, पण पॉलिशवरून हात फिरवल्याशिवाय गेले नाहीत. तेव्हापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत.

तुम्ही म्हणाल, गॅलरी तर मागेच तयार झाली होती, बाबांनी फोटोसुद्धा पाठवले होते. ती पहिली. ही दुसरी.

बाबांनी जन्मभर भिंतीवर टांगायची कपाटं केली. त्यांचं कपाट कधी कुणाच्या अंगावर आलं नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. वरच्या मागच्या खोलीबाहेरची ती गॅलरीही त्यांनी कपाटासारखीच केली. खाली खांब नाहीत, सगळा भार भिंतीतल्या स्क्रूंवर. परवानगीचं विचारलं तर म्हणाले, माझ्याच घराला माझ्याच हाताने काही करायचं तर विचारायचं कुणाला? दिसायला मात्र इतकी देखणी, की शेजारचे मास्तरही गप्प झाले. ते सहसा कशालाच चांगलं म्हणत नाहीत.

मी कपडे वाळत घालायला भरलेली बादली घेऊन तिथे गेले. पायाखालची फळी दबली आणि भिंतीतून बारीक करकर ऐकू आली. उलट्या पावली आत आले. यांना सांगितलं, तर म्हणाले, बाबांना सांगायची हिंमत असेल तर तूच सांग. तुमचा भाऊ कसा आहे ते मी तुम्हाला काय सांगायचं! आणि हिंमत माझीही होईना. बाबा रोज संध्याकाळी तिथे उभे राहून, कुठलं नातवंड कुठे बसणार ते दाखवत.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला फोन केला, की घरात रंगकाम काढलंय, या उन्हाळ्यात येऊ नका.

रंगकाम नव्हतं, ताई. तुमची तिन्ही मुलं त्या फळ्यांवर एकदम धावत येतील, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. भावजयीला आपलं येणं नकोसं झालंय, असंच वाटलं असणार. तुमच्या जागी मलाही तेच वाटलं असतं.

पण तुम्हाला थांबवून बाबा थोडेच थांबणार होते? ते रोज तिथे उभे राहतच होते. शेवटी मी नगरपालिकेत फोन करून आपल्याच घराविरुद्ध तक्रार केली. नाव विचारलं तेव्हा "शेजारी" म्हटलं आणि घाईघाईने ठेवून दिला.

तपासनीस आले. खाली उभं राहून वर पाहिलं आणि बाबांना म्हणाले, "काका, काम सुरेख आहे. पण ही पुस्तकं ठेवायची फळी झाली. हिच्यावर माणसं कशी उभी करता?"

आणि ती उतरवायला सांगितली. गॅलरी उतरवताना कितीतरी स्क्रू नुसत्या हाताने निघून आले. ते पाहून तुमच्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला. मी मात्र आत जाऊन पोटभर रडले, इतकं हलकं वाटलं.

पुढे मात्र पंचाईत झाली. तक्रार शेजाऱ्याची आहे असं तपासनीसांकडून कळलं, म्हणजे ती मास्तरांचीच, असं धरून बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. रोजचा बुद्धिबळाचा डाव बंद. मास्तर बिचारे कुंपणापाशी येऊन घुटमळायचे आणि परत जायचे. ते मला बघवेना. एका सकाळी मी बाबांसमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, तुम्हाला केलेल्या फोनसकट.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही किती हौसेने केली होती."

"हौस माझी, आणि पडली असती पोरं," ते म्हणाले. मग विचारलं, "ते रंगकामाचं तिला खरं वाटलं?"

"नाही," मी म्हटलं.

ते उठले, पट काखेत मारला आणि मास्तरांकडे गेले. पांढऱ्या सोंगट्या त्यांना दिल्या म्हणे. बाबांच्या लेखी ती माफीच.

मग सगळं रीतसर केलं. नकाशा दिला, परवानगी घेतली. खांबांसाठी खणायच्या आधी जमिनीखालच्या तारा आणि नळ कुठून जातात त्याच्या खुणा करून घेतल्या. बाबांनी खड्ड्यासाठी हेरलेल्या जागेतूनच विजेची तार जात होती. आता खाली पक्के खांब आहेत. बाबा डोळ्यांना जाड चष्मा लावल्याशिवाय करवत उचलत नाहीत, आणि नुसते बघायला बसलेल्या मास्तरांनाही तो लावायला लावतात.

काल तपासनीस गेल्यावर मी बाबांना म्हटलं, आता ताईंना तुम्ही फोन करा. ते नको म्हणाले. "येऊ नकोस असं तू सांगितलंस. ये असंही तूच सांग."

म्हणून सांगते. ताई, या. मुलांना घेऊन या, हवं तितकं राहा. आणि माझ्यावर रागवायचं असेल, तर त्या गॅलरीत उभं राहून पोटभर रागवा. ती आता पेलेल, आणि मीही.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भावजय