केबलवरचा गणिताचा तास

१० नोव्हें. ९७
आज दुसरा दिवस. कांतीभाईची केबलची खोली, मागे लग्नाच्या शूटिंगचा लाल पडदा, समोर दोन दिवे, दिव्यांच्या मागे कॅमेरा. तो "चालू, मास्तर" म्हणाला की बोलायचं. कोणाशी? काचेशी.
समीकरणाची पहिली पायरी मांडली आणि सवयीनं विचारलं, "समजलं का?" विचारून थांबलो. थांबलोच. पंखा फिरत होता. कांतीभाई मावा चोळत होता, शेवटी त्यानंच मान हलवली. म्हणजे अख्ख्या बमरोलीत गणित समजलेला एकच इसम.

१३ नोव्हें.
लिहून ठेवतो, नाहीतर पुढं मलाच वाटेल म्हाताऱ्याला टीव्हीत दिसायची हौस होती. निवृत्त झालो, ही गेली, गावी एकट्यानं भाकरी थापत किती दिवस काढणार, म्हणून धाकट्या भावानं, अशोकनं, इथं सुरतेला आणलं. तो लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. त्याची बायको विमल, दहावी अर्धवट टाकून लग्न झालेली. बालवाडीत बाईची जागा निघायची आहे, दहावी हवी. चाळीत अशा आणखी सात-आठ जणी. मार्चला बाहेरून बसायचं. बाकीचे विषय वाचून निघतील, गणितापाशी सगळ्यांचं घोडं पेंड खातं.
आधी मारुतीच्या ओट्यावर वर्ग घेऊन पाहिला. एकीचं पाणी येई, एकीचं पोर रडे, एकीची सासू कडेला येऊन मलाच गावच्या कपाशीचं विचारी. आणि सगळ्या नाकापर्यंत पदर ओढून, तिरप्या बसलेल्या. चाळ बहुतेक आमच्याच भागातली. मी कोणाचा जेठ, म्हणजे थोरला दीर, कोणाचा मामेसासरा. मग कांतीभाई म्हणाला, बायका बाहेर येत नाहीत तर मास्तरला घरात पाठवू, वायरीतून. मला पटलं. टीव्हीपुढे पदराचा प्रश्नच येत नाही.

१८ नोव्हें.
वेळापत्रक शाळेत घंटेवर चालायचं. इथं नळावर. दोनला पाणी, म्हणून तास अडीचला. लूमची वीज बंद असते त्या दिवशी पुरुष घरी, टीव्ही त्यांचा, तास नाही. रात्रपाळीवाले दुपारी टीव्हीच्याच खोलीत झोपलेले. आवाज मोठा केला की कोपऱ्यातून उशी येते. म्हणून ठरवलं, बोलायचं कमी, लिहायचं मोठं. फळ्यावर एका वेळी एकच गणित. अक्षर पाहून कांतीभाई म्हणतो, मास्तर, हे तर भेस्तानवरूनही वाचता येईल.
शंका असेल तर पीसीओवरून केबलच्या खोलीत फोन करायचा, नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय. अजून एकही फोन नाही. एवढं सगळं समजतं का कोणाला?

२९ नोव्हें.
कांतीभाई वायर जोडत चाळीत हिंडला. परत आला तो तोंड पाडून. "मास्तर, ओरडो खाली छे. टीवी एकलुं बोले छे." खोली रिकामी, टीव्ही एकटाच बोलतोय. चार घरं पाहिली म्हणे, चारही ठिकाणी टीव्हीत मी आणि समोर रिकामी खाट. एका घरी तेवढा झोपलेला नवरा.
त्याचंही खरं आहे. दुपारी सिनेमा लावला तर लोक खूश. डिसेंबरभर बघू, म्हणाला.
जेवलो नाही नीट. आमच्या शाळेत पत्रे तापायचे उन्हाळ्यात, पोरं घामानं भिजलेली, पण बाक कधी रिकामा नव्हता. शेवटच्या बाकावरचे दोघं खिडकीतून चिंचा काढायचे, ते सोडले तर सगळे माझ्याकडे बघत. बघत म्हणजे काय, ते आता कळतंय.

५ डिसें.
काल ताप. कांतीभाईनं जुन्या तासाची कॅसेट लावली. मी बाहेर पडवीत गोधडी घेऊन पडलेलो. अडीचला आत माझाच आवाज सुरू झाला. काय बेसूर बोलतो मी!
उठून दारातून डोकावलो. टीव्हीत मी. समोर कोणी नाही. मनात म्हटलं, झालं, कांतीभाई खोटं बोलला नाही. आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड वह्या दिसल्या. विमल आणि शेजारच्या तिघी, भिंतीला पाठ लावून, चुलीकडे तोंड, पदर नाकापर्यंत. नुसतं ऐकून लिहीत होत्या. फळा तिथून दिसणं शक्यच नाही. मी बोलणं कमी करून अक्षर मोठं केलं होतं ते या बायांसाठी!
माझी चाहूल लागली तशा चौघी आणखी आत सरकल्या.

६ डिसें.
अशोकला विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "भाऊ, जेठना समोर बाई मानूस बठस का कधी?"
"अरे पण ते तर टीव्ही शे!"
"टीव्ही शे, पन त्याम्हा तुम्हीनच शेतस ना. डोया वटारीसन देखतस सरळ."
म्हणजे मी कॅमेऱ्यात बघतो, म्हणजे मी त्यांच्या घरात शिरून त्यांच्याकडे बघतो. मग खाटेवर बसायचं कसं, आणि डोकं उघडं ठेवायचं कसं? एकीनं म्हणे मी दिसल्याबरोबर हातातलं ताट टाकून पळ काढला होता.
खूप हसलो. खोकला आला तरी हसलो. मग राग आला. कोणावर, ते सांगता येत नाही. विमल दोन वर्षं मला दोन वेळा जेवू घालते, आणि मी तिचा चेहरा लग्नात ओझरता पाहिला तेवढाच. मला काही सांगायचं तर भिंतीला सांगते. "चहा व्हई गया," भिंतीला. मी भिंतीचा चहा पितो. मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आजही बदला म्हणायची हिंमत नाही. पण गणित तर शिकवायचं आहे.

८ डिसें.
कांतीभाईला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, "मोढुं नहीं बतावो तो?" तोंडच दाखवू नका. कॅमेरा फळ्यावर बांधून ठेवू. दिसेल तो फक्त हात आणि खडू.
घरी येईपर्यंत मन खट्टू. सगळी उमर पोरांनी या तोंडाकडे बघून गणित शिकलं. माझ्या भुवया वर गेल्या की उत्तर चुकलं हे त्यांना न सांगता कळे. आता नुसता हात. पंचांगातल्या हातासारखा.
पण बघू.

९ डिसें.
हात दाखवून तास घेतला. बाही कोपरापर्यंत, घड्याळ काढून ठेवलं. एकदा सवयीनं पुढं वाकलो तर कांतीभाईनं मागून सदरा ओढला.

१३ डिसें.
कांतीभाई सायकलवरून चाळीत चक्कर मारून आला आणि दारातूनच ओरडला, "मास्तर, हाऊसफुल!" आमच्याच खोलीत पाच जणी, टीव्हीपुढे मांडी घालून, पदर खांद्यावर. एक तर खाटेवर लोळून लिहीत होती म्हणे. लोळू दे. माझ्या वर्गात लोळलेलं मी खपवून घेतलं नसतं, पण लोळू दे.
आनंद झाला. तोंड गेलं आणि वर्ग आला.

२० डिसें.
पहिला फोन.
"सर, मला एक शंका आहे." पुस्तकी मराठी, शब्द मोजून मापून.
"नाव सांगा."
थोडं थांबून, "विमल अशोक."
आवाज मी ओळखलाच होता. रोज भिंतीला ऐकतो तोच. पण इतका मोकळा कधी नव्हता. आडनाव सांगितलं नाही तिनं. माझंच आहे ते.
मी म्हटलं, "विचारा." अहोजाहो केलं. शाळेत मोठ्या मुलींना करायचो तसं.
गिरणीच्या चिमणीची उंची सावलीवरून काढायचं गणित. सावली सकाळी लांब, दुपारी आखूड, मग उत्तर एकच कसं येतं? मी सांगितलं, सावलीबरोबर कोनही बदलतो. मग पुस्तकी मराठी सुटली, "माले समजनं नही." मी पुन्हा सांगितलं, गिरणीच्या चिमणीऐवजी आपला पाण्याचा नळ घेतला. "हां... आते समजनं."
आते समजनं! कधीपासून ऐकलं नव्हतं हे. खोलीत एकटाच हसत बसलो.
घरी आलो. भिंतीला, "चहा व्हई गया." दोघांनीही काही झालं नसल्यासारखं केलं.

३ जाने. ९८
आता रोज फोन. दोन, तीन. बहुतेक बाया नाव सांगत नाहीत, "बमरोलीतून बोलते" म्हणतात, जसं काही कोणी दिल्लीतून बोलणार आहे. विमलचा आठवड्यात दोनदा. पीसीओत मागे रांग, म्हणून भरभर विचारते.
चूक पहिल्या पायरीत आहे की शेवटच्या, हे आवाजावरून ओळखायला शिकतोय. जमत नाही. गावी यमुना नावाची मुलगी होती, तिच्या दोन भुवयांमध्ये आठी पडली की मी थांबायचो, पुन्हा मांडायचो. आठी गेली की पुढं. अख्खा वर्ग मी तिच्या कपाळावर चालवला. ती आता कुठं असेल? तिची पोरं असतील गणित शिकायच्या वयाची.

१६ जाने.
उतराण, म्हणजे आपली संक्रांत, झाली. सगळं सुरत गच्चीवर होतं. मांज्यानं आणि गच्चीवरच्या ओढाताणीनं कांतीभाईची वायर तीन ठिकाणी गेली. दोन दिवस तास बंद. कांतीभाई पतंगवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरतोय.
गावी या दिवसात काय असायचं? बाजरीची भाकरी, तीळ लावलेली. शाळेत पोरांनी आणलेला तिळगूळ खिशात विरघळून खडू चिकट व्हायचा. बाईसाहेब, म्हणजे आमची ही, सदरा धुताना ओरडायची. ते ओरडणं ऐकायला मी आता वाट्टेल ते देईन.
संध्याकाळी विमल भिंतीला म्हणाली, "वर्ग बंदच पडना वाटस." आवाज ओला. मी भिंतीलाच म्हटलं, "परवा चालू." पहिल्यांदा मी भिंतीशी बोललो. भिंत गप्प बसली.

२२ फेब्रु.
घरात बोलाचाली. विमलचं परीक्षेचं केंद्र तिकडं नदीपलीकडे रांदेरला आलं. अशोकची दिवसपाळी, रजा मिळत नाही. बाकीच्या बायांबरोबर जा म्हटलं तर त्यांची केंद्रं वेगळी. अशोक म्हणतो, पुढच्या वर्षी बस. विमल भांडी घासत राहिली, जोरात.
पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी बालवाडीची जागा राहील? बाईमाणसाचं पुढचं वर्ष मी फार पाहिलं. शाळेत मुली पुढच्या वर्षी येते म्हणून जायच्या. मी हजेरीत नाव ठेवायचो. कोणी आली नाही.
म्हटलं, "मी लई जासू."
अशोक बघतच राहिला. "भाऊ, जेठसंगे एकली? लोके काय म्हनतीन?"
"काय म्हणतील? मास्तर पोरीला परीक्षेला घेऊन गेला म्हणतील."
आत भांड्यांचा आवाज थांबला.

२ मार्च
अशोक "हो" म्हणाला, पण तोंड बघण्यासारखं. चाळीत दोन म्हाताऱ्या माझ्याकडे बघून पदर सावरेनाशा झाल्या आहेत. माझी इभ्रत कमी झाली असावी. होऊ दे.
शेवटचा तास घेतला. "समजलं का?" विचारलं आणि नेहमीसारखा थांबलो. फोन वाजला. तिकडून एकच शब्द, "हो." आणि ठेवला. कोण होतं कळलं नाही. मी खडू खाली ठेवला. कांतीभाईनं दिवे विझवले.

१७ मार्च
गणिताचा पेपर.
सकाळी रिक्षा केली. मी पुढं ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकलेला, विमल मागे, पदर ओढून, हातात पट्टी-कंपास. रांदेरपर्यंत एक शब्द नाही. शाळेच्या फाटकाशी मी रस्त्याकडे बघून म्हटलं, "सोपं आधी." ती गेली.
तीन तास लिंबाखाली. आजूबाजूला पोरांचे बाप, मीच एक पांढऱ्या डोक्याचा. परीक्षेला मी नेहमी आत, पर्यवेक्षक असायचो, हे बाहेरचं बसणं आयुष्यात पहिल्यांदा. काय वाईट असतं! चणे घेतले, खाल्ले नाहीत.
पेपर सुटला. पोरं धावत आली, ती सगळ्यांच्या मागून, सावकाश. माझ्यासमोर येऊन थांबली. भिंत नव्हती तिथं. एवढा मोठा रस्ता, आणि भिंत कुठंच नव्हती.
"सर," म्हणाली. घरात मी जेठ, पण "सर" म्हणाली. "शेवटलं गणित, टाकीमधी पानी किती मावीन ते. उत्तर किती येस?"
प्रश्नपत्रिका पुढं केली. मी तिथंच लिंबाला टेकून मांडलं. उत्तर सांगितलं.
"बरं," ती म्हणाली.
मी बघितलं तिच्याकडे. बघितलंच. पदर नाकापर्यंत. मला तिची फक्त हनुवटी दिसली, घामेजलेली. एवढी वर्षं ज्या कपाळांवर वर्ग चालवला, तसं आज एकच कपाळ दिसायला हवं होतं. विचारावंसं वाटलं, तुमचं उत्तर जुळलं का? विचारलं नाही. जुळलं नसेल तर तिला ते रस्त्यात सांगावं लागलं असतं.
रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? माझ्याआधी तीच म्हणाली, "बमरोली."
आता संध्याकाळ. आत ती पोळ्या लाटते आहे. मी पडवीत कान देऊन बसलोय. लाटण्याचा आवाज रोजच्यासारखाच आहे, त्यावरून काही कळत नाही.