वल्लरीच्या उपासमारीबद्दल खुलासा

गंगापूर रोड, नाशिक
१९ ऑगस्ट १९९८

तीर्थरूप नानांस सुधाचा नमस्कार.

मी तुमच्या मुलीला उपाशी ठेवते, असे तुम्ही काल फोनवर म्हणालात आणि उत्तर न ऐकता फोन ठेवलात, म्हणून हे पत्र. गुडघा बरा असेल. (वहिनी सांगतात तो लेप लावता, की नुसते कण्हता?) आम्ही ठीक.

वल्लरीची परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा येत्या एकोणतीस तारखेला मुंबईत आहे. जूनमध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा रोज दोनशे शब्द वाचायची आणि दोनशे विसरायची. म्हणून आषाढी एकादशीपासून तिला चातुर्मासाचा नेम दिला: वीस शब्द, पाच लॅटिन धातू आणि विरामचिन्हांचा एक नियम पाठ झाल्याशिवाय पानावर बसायचे नाही. (आपली आई पोथीचा अध्याय झाल्याशिवाय जेवत नसे. त्याला तुम्ही कधी उपासमार म्हणाला नाहीत.) सोबत असली की नेम निभतो, म्हणून मीही धरला. बी. ए.ला माझे इंग्रजी होते. कठीण जाईल असे वाटले नाही.

वल्लरी आठ दिवसांत सरावली. अकराला पाठ, सव्वा अकराला जेवण. मला मात्र दुपारचे दोन वाजू लागले. एकदा मी धातूंवर अडले, तेव्हा स्वयंपाकाच्या पुतळाबाई ओट्यापासून म्हणाल्या, "बाई, 'बेने' म्हंजी चांगलं, 'माले' म्हंजी वाईट. पोरीनं धा बारी सांगितलं, माझंबी पाठ झालं. आता जेवा, मला भांडी घासायची हायेत." वल्लरीने ते उत्तर धरले नाही. (परीक्षक म्हणून ती कठोर आहे. आपल्या घरचेच वळण.)

आज सकाळी तुमच्या दुकानातला लहानू पैठणी घेऊन आला. रविवारी येवल्यात मुलगा पाहायचा आहे आणि शनिवारी तुम्ही तिला न्यायला येणार, हे त्याच्याकडून कळले. चातुर्मासात लग्ने लागत नाहीत. मग पाहायची घाई कसली? तिथे गेली की आठवडा पाहुण्यांत जाईल आणि परीक्षा बुडेल. पुढची तारीख मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपलेली असेल. मुलाकडच्यांना कार्तिकापर्यंत थांबायला सांगा. थांबत नसतील, तर कळलेच की.

तुमची,
सुधा

ता. क. पाच किलो उतरले आहेत ते माझे. वल्लरीचे ब्लाऊज उसवायला दिले आहेत.

आणखी ता. क. रविवारचे तिला सांगितले. "ते राहू दे आत्या, तुझा आजचा नियम म्हण," एवढेच म्हणाली.

लहानूबरोबर परत, त्याची सही घेऊन: मोरपंखी पैठणी एक, घडी न मोडता. कांदे पिशवीभर (आमच्याकडे चातुर्मास आहे). वहिनींचा डबा, धुऊन. वल्लरी दिलेली नाही.