बाबांसाठी शंभर इंच

४ नोव्हेंबर, सकाळी ७
बाबा कालपासून आपल्याकडे. सहा महिने धाकट्या भावाकडे, सहा महिने माझ्याकडे, असं ठरलंय. धाकट्याने मध्यंतरी टीव्ही घेतला, पंचावन्न इंची. नुसता दिखाऊपणा. शिवाय सोफा ओढून टीव्हीच्या पुढ्यात आणलाय. अक्कल म्हणून नाही. बाबांसारख्या सिनेमावेड्या माणसाला हे डबडं?

लहानपणी दर रविवारी मला सायकलवर पुढे बसवून थेटरात न्यायचे. म्हणून संकल्प: दर रविवारी बाप-लेक सिनेमा, घरच्या घरी, शंभर इंचांवर. सहा महिन्यांनी बाबांनी स्वतःहून म्हटलं पाहिजे, मला धाकट्याकडे जायचं नाही.

५ नोव्हेंबर
बाबांना घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या शोरूममध्ये. सेल्समन टीव्हीचे गोडवे गायला लागला. त्याला सांगितलं, बावीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे, रोज तीस डोळे तपासतो, कुणाला काय कसं दिसतं ते मला शिकवू नकोस.

बाबा मात्र एका टीव्हीला नाक लावून उभे. धाकट्याकडे लागलेली सवय. चारचौघांत लाज वाटली. दंडाला धरून मागे आणलं.

टीव्ही म्हणजे काय, तर महागडी काच. त्यात सिनेमा कमी आणि स्वतःचं टक्कल जास्त दिसतं. प्रोजेक्टर घेतला.

८ नोव्हेंबर
हॉलची भिंत राखाडी रंगवली. स्वतः. रंगाऱ्यांना शेडमधलं ओ की ठो कळत नाही. बायको म्हणाली, घराला गोदामाची कळा आली. तिला अर्धा तास कॉन्ट्रास्ट समजावला. मध्येच उठून कपडे वाळत घालायला गेली. शिकलेली बाई, पण उपयोग काय?

आज रविवार होता खरा. पण रंग ओला. पुढच्या रविवारी नक्की.

१० नोव्हेंबर
प्रोजेक्टर छताला लावला. चित्र उलटं. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत धड काही लिहिलेलं नाही (वाचलेली नाही, पण चाळली). दोन तासांनी सुलटं झालं, तर निम्मं चित्र कपाटावर. कपाट हलवलं. कंबर धरली. शेजारच्या इंजिनिअरने डोकावून फुकटचा सल्ला दिला, टीव्हीच बरा. पूल बांधणाऱ्यांनी पूल बांधावेत.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
दिवसा चित्र दिसतच नाही. दोष प्रोजेक्टरचा नाही, उजेडाचा. खिडक्यांवर चादरी, त्यावर ब्लँकेटं, फटींना पुठ्ठा. आता काळाकुट्ट अंधार. बायको स्टुलाला अडखळली आणि माझ्या नावाने बोटं मोडली. बाबा मात्र त्याच अंधारातून सरळ चालत गेले. याला म्हणतात थेटरात मुरलेला माणूस.

१५ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
सिनेमा झाला. यश. मोठं यश. नंतर जे घडलं ते तांत्रिक.

दुपारी तीनला सुरुवात. बाबांना अगदी मागे, बरोबर बारा फुटांवर बसवलं. जुना सिनेमा, त्यांचा आवडता. प्रोजेक्टरचा पंखा फार घरघरत होता, म्हणून त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळला. साधा उपाय, पण सुचायला डोकं लागतं. बाबा दर पाच मिनिटांनी वा वा म्हणत होते. त्या पंचावन्न इंचांत ही मजा नाही, असंही म्हणाले. बायकोकडे मी मुद्दाम पाहिलं.

तासाभराने प्रोजेक्टर तापून बंद पडला. स्पीकर वेगळा, त्यामुळे आवाज चालू राहिला. भिंतीवर काही नाही. मी स्टुलावर उभा राहून वायरी चाचपत होतो, आणि बाबा खुर्चीतून म्हणाले, "अरे, काय सुंदर चित्र आहे रे. किती स्वच्छ."

मला वाटलं, टोमणा. हसलोसुद्धा. बायकोने उठून ब्लँकेट ओढून काढलं. बाबा राखाडी भिंतीकडे बघून मान डोलवत होते.

ती म्हणाली, "अहो, त्यांना दिसत नाहीये."

मी म्हटलं, अंधारातून एकदम उजेडात आलं की होतं असं.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
दुकान उघडायच्या आधी बाबांना नेलं, बायकोचा गैरसमज दूर व्हावा म्हणून. खुर्चीत बसवलं, तक्ता लावला. सगळ्यात वरचं, वीतभर अक्षर त्यांना वाचता येईना. टॉर्च मारला. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू, दुधासारखा पांढरा. गिऱ्हाइकाला मी दारातूनच ओळखून सांगितलं असतं.

धाकट्याला फोन केला. चांगला फैलावर घेणार होतो. तो म्हणाला, बाबांना दिसेना म्हणून तर मोठा टीव्ही घेतला, म्हणून सोफा पुढे ओढला. डॉक्टरांकडे चला म्हणून चार महिने मागे लागला होता. बाबाच ऐकेनात. थोरल्याकडे जातोच आहे, म्हणायचे.

फोन ठेवला आणि बाबांना विचारलं, आल्या दिवशीच मला का नाही सांगितलंत?

बाबा म्हणाले, "तू त्यातलाच माणूस. म्हटलं, तुझ्या लक्षात येईलच."

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनची तारीख घेतली, पुढचा मंगळवार. मग बाबांना रस्ता ओलांडून घरी आणलं. आज पहिल्यांदा हात धरून.