कमरेएवढं पाणी

मंगळवार, २२ एप्रिल

शनिवारच्या पानावर लिहिलंय, की शेफाली मोबाईल घरी ठेवून पाण्याकडे गेली. ते चूक आहे. कुणीतरी म्हणालं आणि मी खात्री न करता लिहून टाकलं. तिचा आणि सोमनाथचा, दोघांचेही मोबाईल एकाच कॅरीबॅगेत होते आणि ती पिशवी जांभळीच्या फांदीला होती. दोघं धरणात सापडली त्या शुक्रवारी सकाळी मी माझी पिशवी टांगायला गेले, तेव्हा शेजारीच त्यांची दिसली. गुलाबी कव्हर शेफालीचं. हे मी स्वतः पाहिलंय.

आणि हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण सगळं त्या पिशवीवरच चाललंय. तपासाचे साहेब म्हणतात— दोघांनी मोबाईल आधीच काढून ठेवले, म्हणजे जीव द्यायचं ठरवूनच धरणाकडे गेले. लग्नाला वर्षही नाही, घरात काहीतरी बिनसलं असणार, विषय संपला.

अहो, आमच्या वाडीत रेंजच येते ती त्या जांभळीपाशी! घरात मोबाईल म्हणजे नुसतं घड्याळ. ज्याला फोन यायचा असतो तो पिशवीत घालून फांदीला अडकवतो आणि कामाला जातो. जाता-येता बघतो. सोमनाथला शिरवळच्या कंपनीतून फोन येणार होता, हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मरायला निघालेला माणूस फोनची वाट बघत नाही.

आत्महत्या नाही. याबद्दल माझ्या मनात शंका नाही— आणि माझ्या मनात सहसा सगळ्याच गोष्टींबद्दल शंका असते.

बुधवार, २३ एप्रिल

पोस्टमॉर्टेमचा कागद आला. पाण्यात बुडून. दोघं सापडली तिथं पाणी कमरेएवढं होतं.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज साहेब परत आले. मी ठरवलं होतं, बोलायचंच. त्यांना जांभळीखाली नेलं. सात-आठ पिशव्या लटकत होत्या. म्हटलं, साहेब, या बघा, या सगळ्यांनी काही जीव दिलेला नाही.

तेवढ्यात एक पिशवी वाजायला लागली. गेनबाकाकांची. काकांनी शांतपणे पिशवी सोडली, फोन घेतला, "नंतर करतो" म्हणून ठेवला आणि साहेबांना म्हणाले, "बघा सायेब. मोबाईल झाडाला, आन् म्या अजून जित्ता हाय."

हवालदारसुद्धा हसले. साहेब नाही हसले.

मी म्हटलं, सोमनाथ लहानपणापासून या पाण्यातला आहे, म्हशीच्या पाठीवर बसून पलीकडे जायचा. तो कमरेएवढ्या पाण्यात कसा बुडेल?

"ठरवलं तर माणूस बादलीतही मरतो," साहेब म्हणाले. मग मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

"बाहेरून बी. ए. करते."

"मग अभ्यास करा."

घरी येईपर्यंत कान गरम होते. पण वाडी खूश आहे. बनाबाई दारातूनच ओरडल्या, "आशे, वकील व्हय गं तू." मला बरं वाटलं. इतकं बरं वाटावं का, हेही मनात आलं. दोन माणसं गेलीत.

सोमवार, २८ एप्रिल

काल दहावा झाला. तेवढा होऊ दिला. आज पोलीस सोमनाथच्या आईला, बाळाकाकींना, घेऊन गेले.

शेफालीच्या वडिलांनी, कामथडीच्या गोरखरावांनी, तक्रार दिलीय. सासूच्या जाचाला कंटाळून दोघांनी जीव दिला, अशी. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची मुलगी गेलीय, त्यांना कुणीतरी दोषी हवंच आहे. पण बाळाकाकी! नवरा आधीच गेलेला. एकुलता एक मुलगा गेला. त्याला जिनं जन्म दिला, तिनंच त्याला मारलं म्हणे. शेफालीला त्या "माझी सूनबाय" म्हणायच्या आणि तिच्या वाटणीची भांडी स्वतः घासायच्या. अख्खी वाडी साक्ष देईल.

मी तेव्हा भोरला परीक्षेचा फॉर्म भरायला गेले होते. आईनं सांगितलं ते लिहिते. काकी साहेबांना म्हणाल्या, "पोरं मोटर खाली घ्यायला गेली हुती. सोमनाथाची पाळी हुती." हे मोटरचं असं असतं: उन्हाळ्यात धरणाचं पाणी दिवसेंदिवस खाली सरकतं. उघड्या पडलेल्या गाळात आम्ही पाच घरं भुईमूग करतो. पाचांत मिळून पाणी उपसायची एक मोटर. पाणी सरकलं की मोटरही खाली ओढायची, पाळीपाळीनं.

साहेब काठावर बघून आले. मोटर नाही, पाईप नाही, वायर नाही, काही नाही. मग त्यांनी लिहून घेतलं— सासू खोटं बोलते.

गेनबाकाका मध्ये पडले. "सायेब, मोटर शिमग्यातच जळली. वहिनीला दुखापाई काय सुचंना झालंय. मनावर घिऊ नका." काकांनी सांभाळून घेतलं, असं आई म्हणाली.

जामिनाची तारीख ९ मे.

मंगळवार, २९ एप्रिल

काकींच्या दाराला कुलूप. त्यांची शेळी आमच्याकडे आणून बांधली.

बुधवार, ३० एप्रिल

देवळात बैठक. आठ तारखेला सगळ्यांनी मिळून निवेदन द्यायचं आणि तपास नव्यानं करा म्हणायचं. लिहायचं काम माझ्याकडे. आमच्याकडची शाळा पाण्यापलीकडे, त्यामुळे दुसरीपर्यंत मी घरी वडिलांकडे, अप्पांकडेच शिकले, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. अक्षर तेव्हापासून चांगलं. बैठकीत सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी खुशीत होते.

मुद्दा पहिला, जांभळ. दुसरा, शिरवळचा फोन— मोबाईलमध्ये त्यांचा मिस कॉल आहे. तिसरा, पाणी कमरेएवढं. सगळं चोख. मग मी विचारलं, "आणि दोघं पाण्याकडे कशाला गेली होती, ते काय लिहू?"

"धुनं धुवाया," बनाबाई म्हणाल्या.

"म्हशी बघाया," दुसरं कुणीतरी.

"मासं धराया गेली आसतील," गेनबाकाका.

मी पेन वर धरून बसले. म्हटलं, एक काहीतरी सांगा. बाळाकाकी मोटर म्हणाल्या, तेच लिहू का?

"जळालेल्या मोटरचं काय लिवतीस? सायेब हसंल."

"पण काका, त्याच आठवड्यात मी भुईमुगाला पाणी धरलं होतं."

अप्पा देवळाच्या खांबाकडे बघत होते. मग गेनबाकाका हसले. "ते डिझेल इंजनानं गं बाय. तुजं ध्यान पुस्तकात."

सगळे हसले. मीही हसले. पण घरी आल्यापासून आठवतेय, इंजिनाचा आवाज होता का? इंजिन तर पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जातं. मला आवाज आठवत नाही. पाणी सरीतून येत होतं आणि एक बगळा होता, तेवढंच आठवतं. माझ्याच आठवणीवर माझा विश्वास नाही, ही जुनीच गोष्ट आहे. गॅस बंद केला का बघायला मी तीनदा उठते. म्हणून आज एवढंच लिहिते: आवाज आठवत नाही.

शुक्रवार, २ मे

गाळातला भुईमूग सुकतोय. आमचा, गेनबाकाकांचा, पाचही घरांचा. पानं दुपारीच मिटतात. इंजिन आहे तर पाणी का देत नाहीत?

अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, "जाऊ दे भुईमूग."

अप्पांनी पीक जाऊ दे म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

रविवार, ४ मे

क्रमानं लिहिते.

सकाळी काकींच्या शेळीला चारा काढायला आमच्या गोठ्यात गेले. आई रोज पुढच्या गंजीतला काढते, मी मागची पेंढी ओढली. आत मोटर होती. गाळ वाळून तिच्यावर पांढरा झाला होता. शेजारी वायरचं भेंडोळं.

जळलेली मोटर कुणी लपवत नाही.

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. पण सांगितलं. त्या शुक्रवारी दोघं मोटर खालीच घ्यायला गेली होती. वायर पुरेना म्हणून आदल्या दिवशी तिला जोड दिलेला होता. तो जोड पाण्यात गेला असणार. शेफाली पाईप धरायला उतरली असेल, सोमनाथ तिला ओढायला गेला असेल. किंवा उलट. ते आता कुणालाच कळायचं नाही. आधी गेनबाकाकांनी बघितलं. पाचही घरचे पुरुष धावले. पहिल्यांदा खांबावरचा आकडा काढला, कारण वीज चोरूनच घेतलेली होती. मग दोघांना बाहेर काढलं. मग मोटर, वायर, पाईप— सगळं उचललं. बाळाकाकी पोहोचेपर्यंत काठ स्वच्छ होता.

"जोड कुणी दिला?" मी विचारलं.

"गेनबाभावजींनी," आई म्हणाली. "तू यात पडू नगंस."

म्हणजे काकी खरं बोलल्या. त्या खरं बोलत होत्या आणि पाच घरं गप्प उभी होती, आणि त्यातल्या एकानं त्यांना वेडं ठरवलं. यालाच आम्ही सांभाळून घेणं म्हणालो.

मी तशीच गेनबाकाकांकडे गेले. म्हटलं, निवेदनात मोटर लिहू या. आठ दिवसांत काकी सुटतील.

काका तंबाखू मळायला लागले. "जी गेली ती गेली. मागं ऱ्हायलेल्या पाच घरांनी जेलात बसायचं का? तुजा बाप बी त्यात हाय."

"आणि बाळाकाकी?"

"त्यांना जामीन मिळतोय. वकील म्हनलाय."

"जामीन म्हणजे सुटका नव्हे, काका. मुलाला मारलं म्हणून खटला चालेल."

"लई शिकलीस. पोलिसांवर आमचा इस्वास न्हाई म्हनून समदी वाडी तुज्या पाठी हुबी ऱ्हायली. आन् तू आमालाच त्यांच्या दारात नेतीस?"

याचं उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. पोलिसांनी चुकीचं लिहिलं, कारण बरोबर काय ते आम्हीच उचलून नेलं. आमची शंका खरी होती. ती कशी खरी आहे, हे मात्र आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सोमवार, ५ मे

वाडीत माझ्याशी कुणी बोलत नाही. बनाबाईंनी मला बघून दार ओढून घेतलं. निवेदन वाडीतल्यांनी मागून घेतलं, आता दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील. घेऊ देत.

पोलिसांना द्यायचा माझा जबाब मी मनात तयार केलाय. आश्चर्य म्हणजे भीती वाटत नाही. काल रात्री गॅस बघायला एकदाही उठले नाही. मी पाहिलं तेवढंच सांगायचं: पिशवी, पाणी धरलं तो दिवस, गोठ्यातली मोटर. जोड गेनबाकाकांनी दिला आणि मोटर पाचही घरच्या पुरुषांनी हलवली, हे आईकडून कळलं, असं स्पष्ट म्हणायचं.

मंगळवार, ६ मे

जेवताना अप्पांनी विचारलं, "काय सांगनार हाईस?" मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"गेनबाचं नाव घालू नगंस. मोटर समद्यांनी हलवली. जोड म्या दिला. टेप संपली हुती, चिंधी गुंडाळली."

आई उठून बाहेर गेली.

उद्या, बुधवार, ७ मे. पहिल्या एसटीनं जबाब द्यायला जाते.